पाठीवरचा आकडा

क्रीडा या विषयातील आमचा अधिकार शून्य आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. शाळेत खो-खोच्या संघात आमची वर्णी लागे ती नववा गडी मिळत नसला की. तेव्हा अमेरिकन फुटबॉलसारख्या खेळाविषयी आम्ही काही लिहावे हे आमचे आम्हालाच चमत्कारिक वाटते. त्या खेळात पायाचा चेंडूशी संबंध क्वचित येतो आणि घड्याळातला एक तास संपायला तीन तास लागतात. पण गेली कित्येक वर्षे एक आकडा आमच्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे आणि त्याला उठवण्याचा लिहिण्याखेरीज दुसरा उपाय आम्हाला ठाऊक नाही.

सुरुवात झाली ती दिवाळीच्या फराळापासून. आमची लेक तेव्हा न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठात शिकत होती. २००७ च्या दिवाळीत चकल्या-कडबोळ्यांचे खोके तिच्या विभागाच्या पत्त्यावर पाठवताना आम्ही पिनकोडातला एक चार खाल्ला. १३२४४ च्या जागी नुसतेच १३२४. खोके कुठेकुठे तीर्थयात्रा करून तीन आठवड्यांनी पोहोचले, तेव्हा चकल्यांचा भुगा झाला होता. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही नेमका चारच विसरलात. इथे चव्वेचाळीस विसरणं म्हणजे पंढरपुरात अठ्ठावीस विसरणं."

मग तिने सांगितले ते असे. चव्वेचाळीस हा त्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील एक जर्सी-क्रमांक. तो पाठीवर वागवून तीन खेळाडू असे खेळून गेले, की विद्यापीठाने टपाल खात्याकडून पिनकोडही त्या आकड्याचा मागून घेतला आणि तिथल्या दूरध्वनीचे क्रमांकही ४४३ ने सुरू होऊ लागले. तिघेही कृष्णवर्णीय, तिघेही चेंडू घेऊन धावणारे हाफबॅक: जिम ब्राऊन, अर्नी डेव्हिस, फ्लॉइड लिटल. आमच्या लेकीला फुटबॉलमधले आमच्याइतकेच कळते, म्हणजे काहीच नाही. पण ही तीन नावे तिने अशी एका दमात घेतली, की आम्हाला निवृत्ती-ज्ञानदेव-सोपानाची आठवण झाली.

या खेळात आकड्याला जे महत्त्व आहे ते मुळात गरजेपोटी आलेले आहे. एका बाजूचे अकरा आणि दुसऱ्या बाजूचे अकरा, खांद्यांवर पॅड, डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे जाळी. या वेषात सख्ख्या आईनेही लेकराला ओळखू नये. म्हणून आकडा. आकड्यांचीही आपली एक वर्णव्यवस्था आहे: मधला खेळाडू साधारण पन्नाशीत, त्याच्या शेजारचे रांगेतले धिप्पाड गडी साठी-सत्तरीत, चेंडू घेऊन पळणारे वीस ते एकोणपन्नासच्या घरात. १९७३ मध्ये व्यावसायिक लीगने याचा पक्का नियमच केला. २०२१ मध्ये तो पुष्कळसा सैल झाला. म्हणजे चव्वेचाळीस हा आकडा पळणाऱ्याला मिळावा यात नवल काही नव्हते. ब्राऊनच्या आधीही सिरॅक्यूजमध्ये तो अनेकांनी घातला होता. घातला आणि धुवायला टाकला.

जिम ब्राऊन १९५३ मध्ये विद्यापीठात आला तो शिष्यवृत्तीवाचून. लाँग आयलंडवरील मॅनहॅसेट या त्याच्या गावच्या हितचिंतकांनी वर्गणी काढून त्याच्या पहिल्या वर्षाचा खर्च भागवला, आणि त्याला ते पुष्कळ उशिरा कळले. संघात कृष्णवर्णीय असा तो एकटाच. त्याची राहण्याची सोयही इतर खेळाडूंपासून दूर केलेली. प्रशिक्षक बेन श्वार्ट्झवाल्डर यांच्या यादीत तो फार खाली होता. तिथून वर येत १९५६ च्या शेवटी त्याने कोलगेट विद्यापीठाविरुद्ध एकट्याने ४३ गुण केले: सहा टचडाउन आणि टचडाउननंतर मारायच्या सात किक. त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मान, गेली नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला, ज्याचा संघ दहांपैकी आठ सामने हरला होता. ब्राऊन पाचवा आला. का, हे त्या काळच्या अमेरिकेत कोणाला विचारावे लागत नव्हते.

१९५७ च्या नववर्षदिनी डॅलसच्या कॉटन बोलमध्ये त्याने तीन टचडाउन आणि तीन किक मिळून २१ गुण केले. एक किक अडवली गेली. सिरॅक्यूज २८-२७ असे एका गुणाने हरले. आम्हाला ब्राऊनच्या सगळ्या विक्रमांहून ही अडवलेली किक अधिक लक्षात राहते. पुढे क्लीव्हलंड ब्राउन्सकडून तो नऊ हंगाम खेळला, त्यांपैकी आठांत लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावला, एकूण १२,३१२ यार्ड, आणि १९६६ मध्ये, अंगात रग असताना, चित्रपटात काम करता करता खेळ सोडून मोकळा झाला. क्लीव्हलंडमध्ये त्याचा क्रमांक होता ३२.

या ३२ चीही एक मालिका आहे. लोक ती कौतुकाने सांगतात: जिम ब्राऊन, ओ. जे. सिम्पसन, फ्रँको हॅरिस, मार्कस अ‍ॅलन. सगळेच थोर धावपटू. १९६३ मध्ये ब्राऊनने एका हंगामात १८६३ यार्डांचा विक्रम केला, दहा वर्षांनी सिम्पसनने २००३ यार्ड करून तो मोडला. सिम्पसनचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. हॅरिसचा ३२ क्रमांक पिट्सबर्गने निवृत्त करायचे ठरवले, समारंभाची तारीख होती २४ डिसेंबर २०२२, आणि चार दिवस आधी, २० तारखेला, तो वारला. यात चटका लावणारे पुष्कळ आहे. तरी ही मालिका आम्हाला मालिका वाटत नाही. चार शहरांतले चार संघ, चार माणसे; आकडा एक, एवढेच. एकाने दुसऱ्याच्या हातात काही दिलेले नाही. आडनावबंधू आणि भाऊ यांत जो फरक, तोच ३२ आणि ४४ यांत.

मराठीच्या अभ्यासकाला हा फरक नवा वाटू नये. नामदेवाच्या गाथ्यात विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले आणि कोणता नामा कोणता, याचा निवाडा करण्यात संशोधकांच्या पिढ्या खपल्या. एकच नाममुद्रा दोघांनी लावली, हे झाले तथ्य. पण दुसऱ्याने ती केवळ योगायोगाने लावली, की पहिल्याच्या पाठीला पाठ लावून, जाणीवपूर्वक? हा प्रश्न तथ्याचा नाही, नात्याचा आहे. आणि नात्याचे प्रश्न हस्तलिखितांच्या पाठभेदांवरून सुटत नाहीत, असे आमचे अल्पस्वल्प मत आहे. असो. आम्ही फुटबॉलवर होतो.

ब्राऊनच्या पाठचा अर्नी डेव्हिस. मराठीत धाकट्या भावाला 'पाठचा' म्हणतात, ही केवढी सोय आहे! जन्म १४ डिसेंबर १९३९, पेन्सिल्व्हेनियात. बालपण आधी तिथेच आजोबांकडे आणि मग आईकडे न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावी. त्याला मागणी पुष्कळ विद्यापीठांची होती. त्याने सिरॅक्यूज निवडावे म्हणून गळ घालणाऱ्यांत स्वतः ब्राऊन होता. ज्या जागी आपल्याला वेगळे काढले, त्याच जागी ब्राऊनने आपल्या पाठच्याला का बोलावले असेल? की पाठी कोणी आल्याशिवाय आपले तिथे असणे पुरे होत नाही? डेव्हिसला ४४ मिळाला आणि पहिल्याच हंगामात, १९५९ मध्ये, सिरॅक्यूजचा संघ एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेता ठरला. १ जानेवारी १९६० ला पुन्हा तेच डॅलस, तोच कॉटन बोल. मांडीचा स्नायू दुखावलेला असताना डेव्हिसने ८७ यार्डांचा टचडाउन केला. सिरॅक्यूज २३, टेक्सस १४.

सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. मात्र संध्याकाळच्या मेजवानीत त्याने पारितोषिक घ्यावे आणि निघून जावे, असे त्याला सांगण्यात आले. सभागृह गोऱ्यांचे होते. पुढे काय घडले, याच्या सहकाऱ्यांनी सांगितलेल्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. कोणी म्हणतो अवघ्या संघाने मेजवानीवर बहिष्कार घातला, कोणी म्हणतो जेवण झाल्यावर कृष्णवर्णीयांना बाहेर जायला सांगितले आणि बाकीचे उठू पाहत होते. साठ वर्षांनंतर प्रत्येकाला आपण उठलो होतो असे आठवणे साहजिक आहे.

१९६१ मध्ये डेव्हिसला हाइझमन ट्रॉफी मिळाली. ती मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. ब्राऊनला जी नाकारली होती तीच, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. त्या दिवशी अध्यक्ष केनेडी न्यूयॉर्कमध्ये होते आणि ते त्याला आवर्जून भेटले. व्यावसायिक लीगच्या निवडीत त्याचे नाव सर्वांत पहिले पुकारले गेले, तेही वॉशिंग्टनच्या संघाकडून. त्या संघात तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता आणि मैदान सरकारी जागेवर असल्याने सरकारने कान पिळला होता. वॉशिंग्टनने लगोलग त्याला क्लीव्हलंडला देऊन मोबदल्यात बॉबी मिचेल घेतला. क्लीव्हलंड म्हणजे ब्राऊन. चव्वेचाळीस क्रमांकाचे दोघे आता एका संघात, एका मागच्या फळीत धावणार होते.

ते झाले नाही. १९६२ च्या उन्हाळ्यात डेव्हिसला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. मधल्या काळात रोग काहीसा हटला तेव्हा त्याला खेळू द्यावे की नाही यावरून संघाचे मालक आणि प्रशिक्षक यांच्यात जुंपली. तो खेळला नाही. एका सरावसामन्याच्या आधी मात्र क्लीव्हलंडच्या स्टेडियममध्ये तो एकदा धावत मैदानात आला आणि प्रकाशाचा एक झोत त्याच्यासोबत धावला. बस, तेवढेच. १९६३ च्या मार्चमध्ये 'सॅटर्डे ईव्हिनिंग पोस्ट'मध्ये त्याच्या नावाने एक लेख आला. 'मी दुर्दैवी नाही' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक. १८ मे १९६३ रोजी तो गेला. वय तेवीस. क्लीव्हलंडने त्याला दिलेला ४५ क्रमांक कायमचा काढून ठेवला. त्या क्रमांकाने तो एक यार्डही धावला नव्हता.

आम्ही २००९ च्या शरदात लेकीकडे गेलो तेव्हा एल्मायराला जायचा हट्ट आमचा होता, पण तो डेव्हिससाठी नव्हता. साहित्याच्या मास्तराने एल्मायराला जावे ते मार्क ट्वेनसाठी. त्याची सासुरवाडी तिथली. गावाबाहेरच्या क्वारी फार्मवर उन्हाळे काढून त्याने आपली उत्तमोत्तम पुस्तके लिहिली. लिहिण्याची त्याची अष्टकोनी खोली आता एल्मायरा कॉलेजच्या आवारात आणून ठेवली आहे. ती पाहिली आणि मग वुडलॉन दफनभूमीत त्याच्या समाधीवर गेलो. तिथे बारा फूट उंचीचा एक स्तंभ आहे. बाराच का, तर 'मार्क ट्वेन' ही मुळात नावाड्यांची आरोळी: दोन वाव खोल पाणी, बारा फूट, बोट जायला हरकत नाही. म्हणजे त्या नावातच आकडा दडलेला आहे.

आणि ते नावही त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे स्वतःचे नव्हतेच. मिसिसिपीवरच्या आपल्या पुस्तकात तो सांगतो, की आयझाया सेलर्स नावाचे एक वृद्ध कप्तान या नावाने वर्तमानपत्रात मजकूर लिहीत. ते वारल्यावर आपण ते उचलले. संशोधकांना सेलर्स यांनी ते नाव वापरल्याचा पुरावा सापडलेला नाही. शिवाय ट्वेनने ते लावले १८६३ मध्ये आणि सेलर्स वारले १८६४ मध्ये. म्हणजे इतका मोठा लेखक, पण स्वतः निवडलेले नावही कोणा मृताकडून वारशाने आले असे सांगावेसे त्याला वाटले.

"बाबा, तो पण इथेच आहे," लेक म्हणाली. त्याच वुडलॉनमध्ये अर्नी डेव्हिसची कबर आहे. आम्ही गेलो. त्याच्या अंत्ययात्रेला या लहानशा गावात दहा हजारांवर माणसे लोटली होती. आम्ही गेलो तेव्हा कोणी नव्हते. लेकीने फोटो काढला. आम्ही तारखा वाचल्या आणि वजाबाकी केली. दफनभूमीत माणूस दुसरे काय करतो?

आता जे सांगायचे ते सांगणे आम्हाला जड जाते, पण ते टाळून हा लेख पुढे जाणार नाही. आमचे नाव आमचे नाही. वडिलांचे थोरले बंधू, आमचे काका, १९४९ मध्ये विषमज्वराने वारले. बी. ए.चे शेवटचे वर्ष, मराठी हा मुख्य विषय, वय बावीस. तीन वर्षांनी आमचा जन्म झाला. बारशाला आत्याने पाळण्यात वाकून आमच्या कानात कुर्र केले आणि आपल्या भावाचे नाव सांगितले. घरातल्या सगळ्यांना ते योग्यच वाटले असणार. आजीने मात्र त्या नावाने आम्हाला कधी हाक मारली नाही. 'बाबू' म्हणायची. आम्ही प्राध्यापक झालो, चष्मा लागला, केस पिकू लागले, तरी ती शेवटपर्यंत बाबूच म्हणत राहिली.

वाईच्या घरात माळ्यावर काकांची पुस्तके होती. कॉलेजात गेल्यावर वडिलांनी ती खाली काढून दिली. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, जांभळ्या शाईत, सुंदर वळणदार अक्षरात आमचे नाव होते. खाली १९४७, १९४८. आमच्या जन्माच्या आधीपासून ती पुस्तके आमची होती. समासांत खुणा होत्या, क्वचित प्रश्नचिन्हे. त्या प्रश्नचिन्हांची उत्तरे शोधत आम्ही बी. ए. झालो, एम. ए. झालो. आम्ही मराठी घेतले की त्यांनी घेतलेले मराठी पुरे केले, हे आम्हाला आजही नीट सांगता येत नाही. बावीस वर्षे पूर्ण झाली त्या वाढदिवशी आम्हाला ताप आला. साधाच पडशाचा ताप. पण वडील तीन रात्री उशाशी बसून होते आणि आजी देवघरातून उठली नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला. त्यानंतरचे प्रत्येक वर्ष आम्ही पहिल्यांदाच जगत आलो आहोत, त्यांच्या खुणा नसलेल्या समासात.

गेले पाच-सहा परिच्छेद आम्ही 'आम्ही' म्हणतो आहोत ते नुसत्या निबंधकारी सवयीने की कसे, याची शंका चाणाक्ष वाचकाला आली असेल. आम्हालाही ती अधूनमधून येते.

म्हणून आम्हाला त्या तिघांतला तिसरा सर्वांत जवळचा. फ्लॉइड लिटल न्यू हेवनचा. त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीने बोलावले होते आणि त्यासाठी साक्षात जनरल मॅकार्थर यांनी त्याची भेट घेतली होती. १९६२ च्या हिवाळ्यात अर्नी डेव्हिस त्याला भेटायला आला. निदान होऊन काही महिने लोटले होते. दोघांचे जेवण राहिले बाजूला आणि बोलणेच फार झाले. फ्लॉइडने त्याला शब्द दिला की मी सिरॅक्यूजला येईन. पुढे लिटल हे प्रामाणिकपणे सांगत असे, की तो शब्द त्याने तितकासा मनापासून दिला नव्हता. अशा वेळी माणूस 'हो' म्हणतो तसा तो म्हणाला होता. मग मे महिन्यात डेव्हिस गेल्याची बातमी आली आणि त्याने सिरॅक्यूजला फोन करून येतो म्हणून कळवले. मॅकार्थर मागे राहिले.

चव्वेचाळीस हा आकडा जन्माला आला तो, आमच्या मते, या फोनमध्ये. ब्राऊन अचाट खेळला हे खरे, पण एका माणसाच्या पराक्रमाने परंपरा होत नाही, फार तर उच्चांक होतो. डेव्हिसने ब्राऊनचे यार्ड मागे टाकले: २,०९१ वरून २,३८६. लिटलने डेव्हिसचे टाकले: २,७०४. पण हे काही आकड्याचे देणे नव्हे. लिटलसोबत खेळणारा लॅरी झोंका ३९ क्रमांक घालून २,९३४ पर्यंत गेला आणि पुढे मायामीच्या १९७२ च्या अजिंक्य संघात नाव गाजवून बसला. त्याच्या ३९ ची पोथी कोणी लावली नाही. फरक आहे तो दिलेल्या शब्दाचा. अर्धवट मनाने दिलेला शब्द, देणाऱ्याला मोडता आला असता. घेणारा मरण पावल्यामुळे तो मोडण्याची वाट बंद झाली. माणूस जिवंत असता तर कदाचित फ्लॉइडने वेस्ट पॉइंट धरले असते आणि अर्नीने हसून सोडून दिले असते.

लिटल डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे नऊ वर्षे खेळला. तिथे त्याने ४४ च घातला आणि डेन्व्हरनेही तो त्याच्या नावे काढून ठेवला. हॉल ऑफ फेममध्ये यायला त्याला २०१० पर्यंत, निवृत्तीनंतर पस्तीस वर्षे, वाट पाहावी लागली. १ जानेवारी २०२१ रोजी तो वारला. त्याच्यानंतर सिरॅक्यूजमध्ये आणखी काहींनी ४४ घातला. शेवटचा रॉब कोनराड, १९९८ पर्यंत. हा कोनराड २०१५ च्या जानेवारीत फ्लॉरिडाजवळ समुद्रात आपल्या बोटीतून पडला आणि रात्रभर सुमारे नऊ मैल पोहून किनाऱ्याला लागला. आम्हाला ही बातमी वाचून उगाचच हायसे वाटले.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी सिरॅक्यूजने ४४ निवृत्त केला. यापुढे तो कोणाला द्यायचा नाही. सन्मान म्हणून हे ठीक. तरी आमच्या मनाला ते पूर्णपणे पटत नाही. आकडा निवृत्त करणे म्हणजे आजीने 'बाबू' म्हणणे. आकडा पुढच्याला देणे म्हणजे आत्याने पाळण्यात वाकणे. दोघींनाही माणूस तितकाच गेला होता. कोणती बरोबर, हे आम्ही साठ-सत्तर वर्षांत ठरवू शकलेलो नाही. एवढे मात्र खरे, की एल्मायराचा मुलगा आणि न्यू हेवनचा मुलगा यांच्यात जे घडले ते आकडा चालता होता म्हणून घडले. काचेमागे ठेवला असता तर फ्लॉइडला शब्द कशावर द्यायचा होता? उलट बाजूही आम्ही जाणतो. अठरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर हे एवढे सगळे टांगायचे आणि म्हणायचे, पळ!

काचेमागे गेल्यावर आठवणीचे काय होते, याचा मासला आम्ही आवारातच पाहिला. २००८ मध्ये विद्यापीठाने डेव्हिसचा पुतळा उभारला. त्यावर नायके कंपनीचे बोधचिन्ह होते आणि हेल्मेट आजच्या घडणीचे. ते बोधचिन्ह जन्मले १९७१ मध्ये, डेव्हिसला जाऊन आठ वर्षे झाल्यावर. नंतर ती चूक दुरुस्त करण्यात आली. त्याच वर्षी त्याच्यावर 'द एक्सप्रेस' हा चित्रपट निघाला. त्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या मैदानावर प्रेक्षक वर्णद्वेषाने पिसाळलेले दाखवले आहेत. प्रत्यक्षात १९५९ चा तो सामना सिरॅक्यूजमध्येच झाला होता. वेस्ट व्हर्जिनियाकरांनी तक्रार केली, ती रास्तच होती. पुतळा आणि चित्रपट या दोघांनाही अर्नी डेव्हिस पाहिजे तसा कापून-शिवून घेता आला, कारण तो नाही म्हणायला शिल्लक नव्हता. ब्राऊनबाबत ते जमले नसते. तो दीर्घायुषी झाला. त्याने नागरी हक्कांसाठी काम केले, तसेच बायकांवर हात उचलल्याचे आरोपही त्याच्यावर वारंवार झाले, आणि पत्नीच्या मोटारीची मोडतोड केल्याच्या खटल्यातून २००२ मध्ये तो तुरुंगातही जाऊन आला. दीर्घायुष्यात माणसाचे सगळेच दिसते. काकांच्याविषयी घरात कोणी कधी वावगा शब्द बोलल्याचे आम्हाला आठवत नाही. आमच्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे.

२०२३ च्या मे महिन्यात लेकीचा फोन आला. ती आता टेक्ससमध्ये असते. म्हणाली, "बाबा, जिम ब्राऊन गेला. तारीख बघितलीत का?" आम्ही पाहिली. १८ मे. अर्नी डेव्हिस गेल्याला बरोबर साठ वर्षे. आम्ही योगायोगाला योगायोगच म्हणणारे आहोत, तरी थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.

मग ती म्हणाली, धाकट्याचे बारसे करायचे आहे, नाव सुचत नाही. आणि जरा चाचरत, "काकाआजोबांचं ठेवलं तर?"

काकाआजोबांचे, म्हणजे आमचे. आपल्याकडे हयात माणसाचे नाव घरातल्या पोराला ठेवत नाहीत, हे तिला ठाऊक आहे. बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आले असावे.

"आणखी थोडं थांब," आम्ही म्हणालो. "अजून अंगावर आहे."